डाव्या पायाची गॅरंटी

नगरला लागून असलेल्या नागापूरच्या केरूनाना फिटरकडे गाडी नेली, की ते बॉनेट उघडायचे नाहीत. पान्ह्याला हातही लावायचे नाहीत. पत्र्याच्या शेडपुढे एक लोखंडी खुर्ची होती. तिच्यावर तुम्हाला बसवायचे, स्वतः समोर उकिडवे बसायचे, तंबाखू मळायचे आणि म्हणायचे, "हां. आता तू गाडी हायेस. बोल, काय हुतंय तुला?"

तुम्ही म्हणालात, "नाना, गाडी जरा गरम होते," की हात वर करून थांबवायचे.

"गाडी न्हाई. मी. मी गरम हुतीय, आसं म्हन. दुसऱ्याचं दुखनं सांगताना मानूस तिखटमीठ लावतो. सोताचं सांगताना बराबर सांगतो."

मिशांना पीळ भरलेले ट्रकवाले त्या खुर्चीवर बसून "नाना, मी चढाला दमते हो," असं बारीक आवाजात सांगताना मी या डोळ्यांनी पाहिलेत. नगरचे एक वकील होते, कोर्टात समोरच्याला घाम फोडणारे. तेही काळ्या कोटात तिथं बसून सांगत होते की माझ्या मागच्या डाव्या चाकात रात्रंदिवस कळ येते. नाना मान डोलावत होते. "कळ चावल्यावानी का टोचल्यावानी?" असंही त्यांनी विचारलं आणि वकिलांनी बराच विचार करून "टोचल्यासारखी" म्हणून सांगितलं.

नाना पलटणीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. उंच, काटकुळे. अंगात तेलकट बनियन, पण खाली खाकी अर्ध्या चड्डीला कडक इस्त्री. त्या इस्त्रीच्या चड्डीनं ते गाडीखाली शिरायचे आणि बाहेर आले की आधी चड्डीची घडी मोडली का बघायचे, मग गाडीचं सांगायचे. हाताखाली माणूस ठेवला नव्हता. ठेवला तरी तो टिकला नसता.

हे सगळं लोक हसून खपवून घेत, कारण हाताला तोड नव्हती. पण नानांची आणखी एक खोड होती आणि तिला कोणी हसत नसे. काम झालं की ते वहीचं पान फाडून चिठ्ठी लिहायचे. तीन ओळी. दुखणं काय, उपाय काय केला, आणि तिसरी ओळ : दोष कोणाचा. खाली सही. कोणाचीही भीड नाही. 'दोष : मालकाचा. तेल बदलायला जीव होत नाही.' 'दोष : रस्त्याचा.' एका चिठ्ठीवर तर 'दोष : मेव्हण्याचा' असं होतं, कारण गाडी मेव्हण्यानं लग्नाला नेली होती. त्या घरात दोन वर्षं दिवाळी गोड झाली नाही म्हणतात.

मालक लोकांना या चिठ्ठीचा देवासारखा भरवसा. ड्रायव्हर लोकांना मात्र ती दिसली की कापरं भरायचं. दोघा-तिघांची नोकरी त्या तिसऱ्या ओळीपायी गेलेली. त्यामुळे ड्रायव्हर गाडी लावायचे आणि समोरच्या हॉटेलात जाऊन बसायचे. नानांबरोबर चहा घ्यायला कोणी थांबत नसे. मीही पहिल्यांदा गेलो तेव्हा देवाचं नाव घेतच गेलो होतो.

माझं मूळ गाव शेवगावच्या पुढं, कोरड्या अंगाला. लग्न झाल्यावर दोन हंगाम मी आणि माझी बायको हौसा, आम्ही ऊसतोडीला गेलो. पाचटाच्या खोपीत राहायचं, पहाटे कोयता हातात घ्यायचा. दुसऱ्या हंगामात आमची थोरली फडातच झाली. तेव्हाच ठरवलं की कोयता सोडायचा. आधी उसाच्या ट्रकवर क्लीनर झालो, मग लायसन काढून चार वर्षं ट्रक चालवला आणि मग नशीब असं उघडलं, की राहात्याच्या बापूसाहेबांनी मला त्यांच्या मोटारीवर ठेवलं.

बापूसाहेब पेरूचे मोठे बागाईतदार. त्यांची मोटार म्हणजे एक जुनी अमेरिकन गाडी, फिकट हिरवी, इतकी लांबरुंद की भांडलेले दोन सख्खे भाऊ मागं बसले तरी एकमेकांचा धक्का लागू नये. एका संस्थानिकाच्या लिलावात घेतलेली. तिला क्लचचं पेडलच नव्हतं आणि गिअर तिचे तीच बदलायची. बाजारच्या दिवशी लोक खिडकीतून वाकून खाली बघायचे आणि "आरं, खरंच न्हाई की!" म्हणून पुढं जायचे. पहिल्याच दिवशी बापूसाहेब मला म्हणाले होते, "सोपान, हिच्यावर डावा पाय विसरायचा." मी "जी" म्हणालो.

बागेतल्या विहिरीजवळ आम्हाला खोली मिळाली. ते साल बहात्तरचं. आमच्या गावाकडची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, धाकटा भाऊ बायकोला घेऊन कोयत्यावर गेला होता आणि आमच्या दाराशी पाणी होतं. थोरलीचं नाव शाळेत घातलेलं. हौसा रोज संध्याकाळी दिवा लावून त्या गाडीच्या दिशेनंही हात जोडायची.

आणि आठ महिन्यांनी गाडी घसरायला लागली. रस्त्यावर नाही, आतल्या आत. पूर्वी वेगाचा काटा चाळीसवर आला, की पोटातून एक बारीक हिसका यायचा आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली, शांत व्हायचा. आता हिसका यायचा, पण आवाज उतरायच्या ऐवजी चढायचा. इंजिन बोंबलायचं, गाडी मात्र तेवढीच चालायची. शिवाय करपल्याचा वास.

बापूसाहेब मागं बसून चार दिवस ऐकत होते. पाचव्या दिवशी म्हणाले, "इतकी वर्षं हिनं कधी कुरकूर केली नाही. तू आलास आणि हे सुरू झालं. नागापूरला केरूकडं ने. चिठ्ठी आण. दोष तुझा निघाला, तर मला पुढचं बोलायला लावू नकोस."

हौसाला मी फक्त गाडी दुरुस्तीला नेतो एवढंच सांगितलं. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि दोन भाकरी जास्त बांधल्या.

खुर्चीवर बसलो. नाना समोर बसले. "बोल."

"मी... मी चाळीसच्या वर गेले की माझा आवाज चढतो."

"चढाला का सपाटीला?"

"दोन्हीकडं."

"थंड आसताना का तापल्यावर?"

"निघाल्यावर दोन-चार मैल बरी असते मी. मग सुरू होतं."

"आन वास?"

"येतो. लाज वाटते नाना, पण येतो."

नाना खूश झाले. गाडीनं स्वतःहून लाज कबूल केल्याचं त्यांना अप्रूप वाटलं असावं. मग त्यांनी मला दुखणं समजावलं. ती समजूत मला आजही तोंडपाठ आहे.

"ह्या गाडीला क्लच न्हाई आसं कोन म्हनतं? हाय. पोटात हाय. आत दोन पंखे, समोरासमोर. मधी तेल. इंजनाचा पंखा तेल फेकतो, त्या मारानं दुसरा फिरतो. अंगाला अंग लागत न्हाई. मधी आंतरपाट धरल्यावानी. म्हनून गाडी मऊ उचलती. पन नुसत्या तेलावर जोर वाया जातो, गड्या. म्हनून चाळीसला आतली प्लेट दोघांना गच्च धरती. लगीन लागतं. मंग इंजन आन चाक एका चालीनं चालत्यात. तुजं लगीन लागतंय, पन हात सुटतोय."

"माझं न्हाई, गाडीचं," मी घाईनं म्हणालो.

"आत्ता तूच गाडी हायेस," नाना म्हणाले आणि उठले.

गरम इंजिन चालू ठेवून त्यांनी तेलाची कांडी काढली. माप बरोबर होतं. एक थेंब धोतराच्या पांढऱ्या चिंधीवर टाकला. लाल तेलाचा रंग कातासारखा झालेला. हुंगला, बोटानं पसरला, उन्हात धरला. "करपलंय. पन भुसा न्हाई. प्लेट जित्ती हाय." मग ॲक्सिलेटरची दांडी पाहिली, ती ठीक. गाडी जॅकवर घेऊन चाकं हातानं फिरवली, ती मोकळी. नाना चाकाशीच बसून राहिले.

"उभी आसताना चाक मोकळं," ते शेवटी स्वतःशीच म्हणाले. "मंजी जड हुतंय ते पळताना. पळताना कोनतरी वज्जं टाकतंय तिच्यावर."

मला वाटलं, आता गिअरबॉक्स खाली उतरवणार. पण नाना दार उघडून पुढं वाकले, पेडलपाशी काहीतरी खुडबुड केली आणि माझ्याशेजारी येऊन बसले. "चल. राहुरीच्या अंगाला. तुज्या चालीनं चालव, माज्याकडं बघू नगंस."

पाच मैल गेलो, पाच मैल आलो. नाना डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले. शेडपाशी आल्यावर उतरले, तांब्याभर पाणी आणलं आणि चाकाच्या ब्रेकड्रमवर शिंपडलं. चर्र झालं. वाफ आली.

"चपला काढ. उलट्या कर."

उजव्या चपलेच्या तळाला एक पांढरा ठिपका होता. डाव्या चपलेला मात्र बोटभर रुंद पांढरा पट्टा. नानांनी चंचीतली चुन्याची डबी काढून माझ्यापुढं धरली. जाण्याआधी त्यांनी ब्रेकच्या पेडलला चुना फासला होता.

तेव्हा मला कळलं. चार वर्षं उसाचा ट्रक चालवताना माझा डावा पाय कायम क्लचवर असायचा. या गाडीत त्याला काम नव्हतं आणि ब्रेकचं पेडल पाटासारखं रुंद. बिचारा पाय माझ्या नकळत तिकडं सरकून बसायचा. ब्रेक थोडासा दाबलेला, वरून मी ॲक्सिलेटर देतोय, आणि मधल्या मधे ती प्लेट घसरून जळतेय. आठ महिने मी गाडी एका पायानं पळवत होतो आणि दुसऱ्यानं धरून ठेवत होतो.

"आनखी म्हैनाभर आसं चाललं आसतं, तर प्लेट खाक झाली आसती," नाना म्हणाले. "न्हाईतर ब्रेकनं दगा दिला आसता."

मी काही सबब सांगितली नाही. फक्त म्हणालो, "नाना, आता मंडळीला परत ऊस तोडाया न्यावं लागंल. पोरीचं नाव साळंत घातलंय."

"मी खोटं लिवत न्हाई," नाना म्हणाले आणि आत निघून गेले.

मी चपला हातात घेऊन तसाच उभा राहिलो. समोरच्या हॉटेलातले ड्रायव्हर माझ्याकडं बघत होते आणि एकानं मान हलवली. माझं मन राहात्याच्या त्या खोलीतल्या वस्तू गोळा करायला लागलं होतं.

नाना बाहेर आले. हातात पलटणीतली जुनी खाकी पट्टी होती, सैनिक पोटरीला गुंडाळतात तसली. "पाय हिकडं कर. डावा."

माझा डावा घोटा त्यांनी सीटच्या लोखंडी दांडीला करकचून बांधला. मग शेजारी बसले. "चल."

तीन दिवस हे चाललं. सकाळी नाना गाडीचं काम करायचे. करपलेलं तेल काढलं, आतली जाळी धुतली, मुंबईहून मागवून जपून ठेवलेले लाल तेलाचे दोन डबे फोडले, ब्रेक नीट बसवले. दुपारपासून माझं काम. बैलगाडी आडवी आली, की माझा डावा पाय दावणीच्या वासरासारखा हिसका द्यायचा आणि नाना मोठ्यानं आकडा सांगायचे. पहिल्या दिवशी त्रेचाळीस झाले. मी वैतागलो, घोट्याला वळ उठले. दुसऱ्या दिवशी एकोणीस. तिसऱ्या दिवशी एकच, तोही कुत्रं मध्ये आलं म्हणून. "कुत्र्याचा धरत न्हाई," नाना म्हणाले.

जेवायला ते मला सोबत बसवायचे. पहिल्या दिवशी पंचाईत झाली, कारण त्यांच्याकडे ताट एकच होतं. दुसऱ्या ताटात नटबोल्ट ठेवलेले. ते त्यांनी रिकामं केलं, राखेनं घासलं, हुंगलं, परत घासलं. नानांची बायको ते पलटणीत असतानाच गेली होती, मूलबाळ नव्हतं. हे त्यांनी पिठलं वाढता वाढता एका वाक्यात सांगितलं आणि लगेच गिअरबॉक्सवर आले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि म्हणाले, "मालकाला दे. वाटंत वाचू नगंस."

मी वाचली नाही. वाचायची छातीच नव्हती. बापूसाहेब ओसरीवर बसले होते. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. मग मोठ्यानं :

"दुखणं : आतली प्लेट चाळीसच्या वर घसरते. उपाय : तेल बदलले, जाळी धुतली, ब्रेक बसविले. दोष कोणाचा : ड्रायव्हरच्या डाव्या पायाचा. सदर पाय दुरुस्त केला आहे. एक वर्ष गॅरंटी. दर महिन्याला तपासणीस आणावा."

मी खाली मान घातली. बापूसाहेब बराच वेळ माझ्या पायाकडं बघत होते.

"ह्या केरूनं मला आजवर इंजिनाची गॅरंटी दिली नाही," ते म्हणाले. "चल, गाडी काढ."

कोल्हारच्या रस्त्याला लागलो. काटा चाळीसवर आला. बारीक हिसका बसला आणि इंजिनाचा आवाज खाली आला, शांत झाला. गाडी पाण्यावरून चालल्यासारखी निघाली. माझा डावा पाय सीटखाली गप्प होता. बापूसाहेब घरी येईपर्यंत काट्याकडंच बघत होते. उतरताना म्हणाले, "उद्या कोपरगावला जायचंय. सातला तयार राहा."

मी खोलीवर गेलो आणि हौसाला सगळं सांगितलं, अगदी चुन्यापासून. ती रडली आणि मग माझा घोटा बघून खूप हसली. त्या दिवसानंतर आमच्या घरात कोणी कोयता हातात धरला नाही. पोरी शिकल्या. हे सगळं त्या चिठ्ठीतल्या तिसऱ्या ओळीवर उभं आहे. खोटं न लिहिता माणसाला वाचवता येतं, हे मला नानांनी दाखवलं आणि त्यांचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडणार, मला माहीत नाही.

तपासणी म्हणजे थट्टा असेल असं मला वाटलं होतं. पण महिन्यानं बापूसाहेबांच्या कामाला नगरला गेलो, तर नानांनी मला खरंच खुर्चीवर बसवलं. गुडघा दाबला, घोटा फिरवला. इंजिनाचा आवाज ऐकायला धरतात तसा स्क्रूड्रायव्हर गुडघ्याला टेकवून मुठीला कान लावला. "चालंल," म्हणाले. "आता आलाच हायेस तर जेवून जा. उरलंय थोडं."

उरलेलं पिठलं वाफाळत होतं.

दर महिन्याला असंच. उरलेली वांग्याची भाजी, उरलेला ताजा ठेचा, एकदा तर उरलेल्या पुरणपोळ्या. एका महिन्यात बापूसाहेब आजारी पडले आणि मला जायला दहा दिवस उशीर झाला. नानांनी तपासणी केली, पण तोंड फुगवलेलं. "गॅरंटी मोडली आसती," एवढंच म्हणाले.

एकदा हौसा बाजाराला म्हणून माझ्याबरोबर नगरला आली. नानांनी तिच्यासाठी खुर्ची पुसली, "बस, लेकी," म्हणाले आणि तिच्यादेखत माझा पाय तपासला. ती पदर तोंडाशी धरून बसली होती. आम्ही तिघं जेवलो. ताटं तीन, तिन्ही नवी, पितळेची. परत येताना राहुरीजवळ हौसानं माझ्या डाव्या पायाकडं बघितलं. मग म्हणाली, "तुमच्या पायाला काय बी झाल्यालं न्हाई. त्यो मानूस वाट बघतो तुमची."

मी गाडी हळू केली. वर्षभर मी त्या खुर्चीवर बसत होतो, नगरमधल्या सगळ्या ड्रायव्हरांमध्ये नानांच्या ताटाला ताट लावणारा मी एकटा होतो, आणि हे मला बायकोनं सांगावं लागलं. आपण किती बोथट असतो याची मला लाज वाटली.

बारावी तपासणी आली. नानांनी फार वेळ लावला. स्क्रूड्रायव्हर गुडघ्यावर, घोट्यावर, परत गुडघ्यावर. मग तो पेटीत ठेवला आणि माझ्याकडं पाठ करून म्हणाले, "पाय पक्का झाला. गॅरंटी संपली."

"तुमचीच किरपा, नाना."

"हां."

आम्ही जेवलो. नाना गिअरबॉक्सवरही काही बोलले नाहीत. मी उठलो, चपला घातल्या, गाडीचं दार उघडलं. तेवढ्यात मागून हाक आली.

"सोपाना, जरा थांब. उजवा दाखीव बरं."

मी येऊन खुर्चीवर बसलो. नानांनी उजवा पाय मांडीवर घेतला आणि पेटीतून परत स्क्रूड्रायव्हर काढला. कान लावला. जन्मात ज्यानं कोणाचा खोटा दोष काढला नाही, तो माणूस माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

"ह्याच्यात बारीक आवाज येतोय," ते म्हणाले. "आत्ताच काय सांगता येनार न्हाई. वरीसभर नजर ठिवावी लागंल."

"व्हय नाना," मी म्हणालो, "चालताना मलाबी जानवतंय."

"मंग आनत जा दर म्हैन्याला."

तो उजवा पाय बरा व्हायला पुढं अकरा वर्षं लागली.